माईकवर सांगितलेल्या खुणा

मी बडोद्याला निघाले त्या दिवशी माझे आईबाप मला केजच्या स्टँडवर सोडायला आले होते, पण एकमेकांना ओळख देत नव्हते. बा रसवंतीच्या बाकड्याशी उभा होता. आई गेटाबाहेर, शेअर जीपा लागतात तिथे, पदर पुढे ओढून बसली होती. मी फलाटावर एकटी, पायाशी बॅग. तिघांनी तीन ठिकाणी थांबायचं हा आमचा रिवाज. पारध्यांची तीन माणसं स्टँडवर एका जागी दिसली की कुणीतरी येऊन विचारतंच: कुठले, कुठे निघालात, पिशवी उघडा. पुण्याची गाडी लागली तसा बा गर्दीतून माझ्या अगदी जवळून गेला आणि मान न वळवता म्हणाला, "पाय कुटं टाकतीस ते बगत जा." गाडी गेटातून बाहेर पडताना आई उठून उभी राहिली. तिने हात केला नाही, मीही केला नाही. मग पार मांजरसुंब्यापर्यंत मी रडत होते आणि शेजारच्या बाईंना सांगत होते की गाडी लागते मला.

हे मी कुणासाठी लिहितेय ते आधी सांगते. तुमच्यासाठी, जे माझ्यासारखे वस्तीवरून उठून आश्रमशाळेत गेले आणि तिथून चित्रं, गाणी, नाटक असलं काहीबाही करायला शहरात. आणि मागे राहिलेल्यांसाठी. फक्त ते मागे राहिलेले आता कुठे राहतात हे मला माहीत नाही. कुणाच्या मोबाईलवर हे पोचलं आणि कुणी आईला वाचून दाखवलं तर बरं. त्यांचा ठावठिकाणा मला का माहीत नाही, तेच सांगायचं आहे.

घरात आमची बोली वेगळी, गुजरातीच्या जवळची. बाहेर आम्ही केजकडची मराठीच बोलतो, म्हणून इथे सगळ्यांना तीच बोलायला लावली आहे. निघायच्या आदल्या दिवशी आईने मला समोर बसवून एकच गोष्ट घोकून घेतली होती. "कोन इचारलं तर निम्मं सांग. किती जन हाव, कुटं राहताव, कुटं निघालाव, समदं निम्मंच." मी म्हटलं, नाव पण निम्मं सांगू का? "सांग की," ती म्हणाली. "झुंबर काय नि झुंब काय, कोन बगतंय." त्यावर आम्ही दोघी खूप हसलो होतो.

आमची वस्ती गायरानावर होती. सात-आठ घरं, पत्र्याची आणि कुडाची. बाने तिथले दगड वेचून वेचून थोडी जमीन कसायला काढली होती, तूर आणि बाजरी यायची. ती जमीन नावावर व्हावी म्हणून तहसीलला अर्ज पडून होता, माझ्या जन्माच्या आधीपासून. गावातले एक मोठे बागायतदार, ज्यांना मी इथे नुसतं तात्या म्हणेन, त्यांच्या डोळ्यांत ते गायरान सलत होतं. आधी त्यांच्या जनावरांसाठी, पुढे सोलरवाले आले तेव्हा सोलरसाठी. वर्षातून एकदोनदा त्यांची जीप यायची, माणसं उतरायची, आरडाओरडा व्हायचा, कधी चोरीचं नाव, कधी मोजणीचं. अशा वेळी आम्ही भांडत बसत नसू. निघून जात असू.

निघून जायची एक पद्धत होती. पुढे बा आणि दोघंतिघं जायचे, मागून बायका आणि लेकरं. जमायची जागा दर वेळी वेगळी, ती बा चालता चालता ठरवायचा. मोबाईल आले तरी पळताना ते बंदच ठेवायचे, कारण मोबाईल आधी हिसकावून घेतात. म्हणून बा वाटेवर खुणा ठेवत जायचा. मोडलेली डहाळी, टोक जिकडे तिकडे माणसं गेली. गवताची गाठ असली की तिथून वळायचं. आणि जवळजवळ ठेवलेले तीन दगड, म्हणजे इथे थांबू नका, पुढे चला. सगळ्यात मागे जो असेल त्याने प्रत्येक खूण मोडत यायचं. लहानपणी ते काम माझ्याकडे होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. दगड लाथाडायचे, गाठ सोडायची, डहाळी झुडपात भिरकवायची. मागे काही म्हणजे काही उरायला नको.

ज्या शिष्यवृत्तीवर मी बडोद्याला गेले ती उदयोन्मुख आदिवासी कलावंतांसाठी होती. आश्रमशाळेतल्या सरांनी माझी चित्रं पाठवली आणि मुलाखत त्यांच्याच मोबाईलवर झाली. पडद्यावर चार चौकोन, चार शिकलेली माणसं. माझ्या आधी एका वारली मुलाने लग्नाचा चौक दाखवला होता, एका गोंड मुलीने झाडात लपलेलं हरीण. मला विचारलं, तुमच्या समाजाची पारंपरिक चित्रकला कोणती? आता काय सांगणार! आमच्याकडे धड भिंतच नव्हती, तर भिंतीवरचं चित्र कुठून आणू? बाची कला होती तितर धरायचे फासे विणायची. असा बारीक फासा विणायचा की गवतात ठेवला तर त्याचा त्यालाच दिसू नये. पण ते दाखवलं असतं तर शिष्यवृत्तीच्या आधी वनखात्याचा माणूस दारात आला असता. चारही चौकोन माझ्याकडे बघत होते. मला रिकाम्या हाताने आल्यासारखं वाटायला लागलं. मी म्हटलं, आमच्यात खुणा असतात.

चौघंही पुढे वाकले. मला अजून ते वाकणं आठवतं.

बडोद्यात पहिल्याच आठवड्यात भाजीवालीने "शुं जोईए छे?" विचारलं आणि मी दचकले. परक्या बाईच्या तोंडात माझ्या घरची बोली! हॉस्टेल, मेस, स्टुडिओ, स्टायपेंड, पोर्टफोलिओ हे शब्द पटापट तोंडात बसले. अंगावरही काही काही बसत गेलं. फलाटावर आता मी चारचौघींत उभी राहायचे आणि कुणी काही विचारायचं नाही. शिष्यवृत्तीत प्रत्येकाला एक मेंटॉर मिळायचा. मला मिळाल्या त्यांना सुधाताई म्हणू. त्या छापचित्रं करायच्या. लिनोलियमचा तुकडा कसा धरायचा, पाती कशी चालवायची, काळा रंग कुठे सोडायचा आणि कुठे खरवडून काढायचा, हे त्यांनी माझा हात धरून शिकवलं. माझ्या चित्रांच्या चौकटीत त्यांनी डहाळी, गाठ आणि दगड पाहिले आणि विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. त्या वहीत लिहून घेत होत्या. माझं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय आणि ती जबानी नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मग मी सांगतच सुटले. निम्मं काय, पाव सुद्धा शिल्लक ठेवलं नाही.

"याचा अर्थ चित्राखाली लिही," ताई म्हणाल्या. "नाहीतर लोक नुसती नक्षी म्हणून बघतील." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. चांगल्या गुरूने जे सांगायला हवं तेच त्यांनी सांगितलं. वर्षअखेरीला शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेने आमच्या चित्रांचं कॅलेंडर छापलं. माझं पान दिवाळीच्या महिन्याचं. वर गायरान, माणसं निघालेली, चौकटीभर खुणा, आणि खाली तीन भाषांत अर्थ. मराठी पहिली. कॅलेंडर सगळीकडे गेलं, सरकारी कचेऱ्यांत, शाळांत, आणि आमच्या गावच्या ग्रामपंचायतीतही. पत्ता मीच दिला होता, हौसेने.

पुढच्या दिवाळीला घरी गेले तर गावाने माझा सत्कार ठेवलेला. ज्या गावात आम्हाला दळण टाकायलाही सगळ्यांचं झाल्यावर बोलवायचे, त्या गावात ग्रामपंचायतीपुढे मांडव, माईक आणि शाल. तात्यांनी स्वतः माणूस पाठवून बाला बोलावलं आणि पहिल्या रांगेत खुर्ची दिली. बा त्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता, पुरता टेकला नव्हता. तात्यांनी कॅलेंडर उंच धरलं. "आपल्या गावची लेक हाय ही. गावाचं नाव काडलं. झुंबर, लोकांना कळू दे की, ह्या दगडाचा अर्थ काय, ह्या काटकीचा अर्थ काय. ये, माईकवर सांग."

मी सांगितलं. एकेक खूण, बोट ठेवून. गवताची गाठ कशी मारायची ते शालीच्या दशांवर करून दाखवलं. मधे विनोदही केला, लोक हसले, टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या फार गोड लागल्या, खोटं कशाला बोलू. तात्या मान डोलावत होते. एकदा त्यांनी थांबवून विचारलं, "आन तीन दगड म्हंजी काय म्हनलीस?" मी म्हटलं, इथे थांबू नका, पुढे चला. "असं व्हय," ते म्हणाले. मी बाच्याकडे पाहिलं. तो आपल्या पायांकडे बघत होता.

घरी येताना बा नेहमीसारखा पुढे चालला नाही. सगळ्यांच्या मागे राहिला. वस्ती दिसायला लागल्यावर एवढंच म्हणाला, "खून सांगायची नसती, पोरी. मोडायची असती." आई मधे पडली. "पोरगी हाय. कौतुकात बोलली. तुमी कावून मनाला लावून घेताव?" 

चौथ्या दिवशी सकाळी आई पाण्याला निघाली तर वस्तीच्या वाटेवर एक डहाळी पडलेली. टोक आमच्या घरांकडे. आईने ती उचलली, उलटीपालटी करून पाहिली. "बाभळीची हाय," ती म्हणाली. "आपन बाभळीची कवा ठिवत न्हाई." मी म्हटलं, गावातल्या लेकरांनी खेळात टाकली असेल. तिने डहाळी मोडून चुलीत घातली. दुसऱ्या दिवशी तिथेच गवताची गाठ होती, मी शालीच्या दशांवर दाखवली होती तशीच, माझ्याच पद्धतीची. त्याच्या पुढच्या दिवशी आमच्या दारासमोर, पार उंबऱ्याला लागून, तीन दगड.

इथे थांबू नका. पुढे चला.

दगड चुन्याने रंगवलेले होते, कुणाच्या नजरेतून सुटू नयेत म्हणून. खूण अगदी बरोबर ठेवली होती. शिकवणी माझीच. दगड उचलायला मी वाकले तर बाने हात धरला. त्याने स्वतः एकेक दगड उचलला, लांब बांधावर नेऊन ठेवला आणि परत येऊन म्हणाला, "तुजी सुट्टी कवा संपती? आदीच जा." मी नाही म्हटलं. रडले, भांडले, केजला जाऊन तक्रार देऊ म्हटलं. "काय लिवशील तक्रारीत?" आई म्हणाली. "दारात दगड ठिवले म्हनून?" मी बॅग भरली. या खेपेला मला स्टँडवर सोडायला कुणी आलं नाही, मीच नको म्हटलं.

त्यानंतर महिन्याभरात आईचा फोन आला. दुपारची वेळ, मी स्टुडिओत होते, हात काळ्या शाईने माखलेले. आई कधी लांबण लावत नाही, तेव्हाही लावली नाही. सकाळी जीप आली होती. माणसं उतरली, नेहमीसारखा दंगा केला. बा पुढे निघाला, आई लेकरं घेऊन मागून. डहाळी दिसली, तिने मोडली. गाठ दिसली, सोडली. ओढ्याच्या तिसऱ्या वळणाला, दाट झाडी आहे तिथे, बा बसला होता. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तात्यांची दोन माणसं. कुणी कुणाला हात लावला नव्हता. एकजण बाला तंबाखू मळून देत होता.

"मला बगून हसला गं त्यो," आई म्हणाली. "म्हनला, या मावशी, बसा. लई उशीर केलासा. आमी खुना बगत बगत आलो. कवाचे वाट बगायलोत."

"मग?"

"मग काय. पानी पिले आन गेले. लेकरास्नी बिस्किटं दिली."

मी विचारलं, बा काय म्हणतो? आई म्हणाली, "त्यो काई म्हनंना. तंबाखू तशीच मुठीत हाय त्याच्या." मग तिने फोन ठेवला. त्या नंबरावर नंतर कधीच रिंग गेली नाही.

आठ दिवस वाट पाहून मी निघाले. युसूफ वडगावच्या बाजारापर्यंत जीपने आणि तिथून पायी. गायरानावर कुणी नव्हतं. पत्रे काढून नेले होते, कुड मोडून जमिनीशी आडवे केले होते आणि चुलींची राख सुद्धा उचलली होती. घाईत पळालेल्यांचं काम ते नव्हतं. बसून, ठरवून, झाडून काढलेलं अंगण होतं. बाच्या तुरीत मोजणीच्या, लाल तोंडाच्या लोखंडी खुंट्या ठोकलेल्या, सरळ रांगेत. मी चारी वाटा धुंडाळल्या. वाकून, उकिडवी बसून, बाने शिकवलं होतं तशी. डहाळी नाही, गाठ नाही, दगड नाहीत. आधी वाटलं, मलाच वाचता येईना. मग लक्षात आलं की त्यांनी काही ठेवलेलंच नाही. पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आले ते या वेळी ठेवलं नाही, कारण ते वाचणारे आता फार झाले होते.

ओढ्याकडे वळणार तेवढ्यात मागे जीप थांबली. तात्या एकटेच होते. उतरले सुद्धा नाहीत.

"आलीस व्हय? बरं झालं. कुटं गेले गं तुजे लोक? न सांगता गेले बग." मी ओढ्याकडे पाठ केली. "तुला तर कळत आसंल. तू खुना वाचतीस की." ते हसले, अगदी मायेने. "सापडले की सांग मला बी. काळजी लागून राहती."

जीप गेली नाही. सावलीला जाऊन उभी राहिली, आणि मी चालले की मागून थोडी थोडी पुढे सरकायची.

बाच्याकडे एक पाळलेला तितर असायचा, पिंजऱ्यातला. फासे लावून झाले की मधे तो पिंजरा ठेवायचा. तितर ओरडायला लागला की रानातले तितर आपल्यातलाच कुणी आहे म्हणून जवळ यायचे. त्या तितराला फार जपायचे, वाळवी आणून घालायचे, ऊन लागू द्यायचे नाहीत. गायरानाच्या मधोमध उभी राहून मला तो तितर आठवला. मी शोधलं असतं तर मला ते सापडले असते. मी बाचीच मुलगी आहे, सापडलेच असते. मी मागे वळले, जीपच्या अंगावरूनच चालत सडकेला आले आणि पहिल्या गाडीला हात केला. ती परळीची निघाली. परळीच्या स्टेशनवर वीजकेंद्राच्या राखेने पांढऱ्या झालेल्या बाकावर मी संध्याकाळपर्यंत बसून होते. जायचं होतं एकीकडे आणि तिकीट काढलं बडोद्याचं.

सुधाताईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या खूप रडल्या. संस्थेने वेबसाईटवरून चित्र काढून टाकलं. उरलेली कॅलेंडरं परत मागवणार होते, पण भिंतीवर गेलेलं कॅलेंडर कोण परत देतं. तुमची चूक नव्हती, असं मी ताईंना म्हटलं. तेही निम्मंच सांगितलं.

आता मी स्वतः नव्या मुलांची मेंटॉर आहे. दर वर्षी पाचसहाजण येतात, कुणी कोलाम, कुणी भिल्ल, एखादी आमच्यातली. अर्ज अजून तोच आहे, "तुमच्या परंपरेचा अर्थ सविस्तर लिहा" हा रकानाही. मी त्यांना पाती धरायला शिकवते, काळा कुठे ठेवायचा ते शिकवते. आणि त्या रकान्याशी आलो की विचारते, हे घरी विचारून लिहितोयस का? बरेचदा मुलं गोंधळतात. एका मुलीने पेन खाली ठेवला आणि दोन दिवसांनी त्या जागी स्वतःच्या चपलांचं चित्र काढून आणलं. तिला शिष्यवृत्ती मिळावी म्हणून मी समितीशी तोंड फाटेपर्यंत भांडले आणि मिळवून दिली. रकाना कोरा ठेवणाऱ्या इतरांना नाही मिळाली, हेही सांगायला हवं.

तुम्ही विचाराल, घर म्हणजे आता काय? बडोद्यात एक खोली आहे, भाडेकरारावर माझं पूर्ण नाव आहे. ते घर नव्हे. गायरानावर सोलरची निळी तावदानं उभी राहिली म्हणतात, मी पाहिलेली नाहीत. घर म्हणजे आता आईचा फोन. दोनतीन महिन्यांतून एकदा येतो, दर वेळी निराळ्या नंबरावरून, कुणाचा तरी मागून घेतलेला. बरं हाय म्हणते. बा बरा आहे म्हणते. तो फोनवर येत नाही. कुठे आहात, हे मी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

पण माझे कान बाने तयार केलेले आहेत, ते ऐकायचं सोडत नाहीत. मागच्या वेळी तिच्या पाठीमागे उसाच्या गाडीचे बैल होते, लांबवर एक भोंगा होता, आणि कुणी बाई भाव सांगत होती ती आपल्याकडच्या बोलीत नव्हे. दोन मिनिटांत माझ्या डोक्यात तालुका ठरला होता. आणखी दोन मिनिटं मिळाली असती तर गाव ठरलं असतं. आणि एकदा मला कळलं की मी कुणाला तरी सांगेन, हे मला माझं माहीत आहे. टाळ्या वाजवून कुणी विचारलं तर सांगेन.

म्हणून आता अनोळखी नंबर दिसला की मी आधी मोरीत जाते, बादली पालथी घालते, तिच्यावर नळ पूर्ण सोडते आणि मग फोन उचलते. पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज होतो. आईचं बोलणं त्यातून जेमतेम कळतं, मागचं काही कळत नाही.

"पानी वाया चाललंय गं तुज्याकडं," आई म्हणते. "नळ बंद कर की."

मी करत नाही.